शिवडीची शेवर्ले आणि कुर्ल्याची फियाट

१९२९ सालच्या शेवर्लेचे सहा सिलिंडरचे इंजिन ३१८० सीसीचे होते आणि त्याची शक्ती ४६ अश्वशक्ती इतकी सांगितली जाई. १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडू लागलेल्या ‘फियाट ११०० डिलाइट’चे इंजिन १०८९ सीसीचे, म्हणजे शेवर्लेच्या जेमतेम एक तृतीयांश आकाराचे, आणि तरीही त्याची शक्ती ४० अश्वशक्तीच्या आसपास होती. जुन्या मोटारींच्या मेळाव्यात या दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या असल्या, की समोरच्या पाट्यांवरचे आकडे वाचणारा माणूस पस्तीस वर्षांत इंजिन सुमारे अडीचपटीने सुधारले असा निष्कर्ष काढून पुढे जातो. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. त्या सुधारणेत इंजिनाचा आराखडा काढणाऱ्यांइतकाच पेट्रोल तयार करणाऱ्यांचा, धातू ओतणाऱ्यांचा आणि काही अंशी इटलीच्या करखात्याचाही वाटा आहे. दोन वेगळ्या काळांतल्या गाड्यांची तुलना करायची तर त्या त्या काळात कारखान्याच्या हाताशी कोणते इंधन, कोणता धातू आणि कोणते रस्ते होते हे आधी पाहावे लागते, आणि या जोडीच्या बाबतीत ते पाहणे विशेष सोयीचे आहे, कारण दोन्ही गाड्या मुंबईतच उभ्या राहिल्या.

जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला. गाडीचे भाग पेट्यांमध्ये भरून बोटीने यायचे आणि बंदराला लागून असलेल्या शिवडीत ते जोडून शेवर्ले तयार व्हायची, म्हणजे गाडी मुंबईत जन्माला येत असली तरी तिची कल्पना सर्वस्वी अमेरिकन होती. अमेरिकेत तेव्हा पेट्रोल स्वस्त होते, गावाकडचे रस्ते चिखलाचे होते आणि गिऱ्हाइकाला गिअर फारसे न बदलता निवांत चालणारी, जमिनीपासून उंच आणि दणकट गाडी हवी होती. कुर्ल्याची गोष्ट निराळी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. सुरुवातीला तिथे डॉज आणि प्लिमथ या अमेरिकन गाड्या जोडल्या जात, पण १९५० च्या दशकात फियाटच्या लहान गाड्यांनी त्यांची जागा घ्यायला सुरुवात केली. १९५३ साली सरकारने जे कारखाने गाडीचे सुटे भाग टप्प्याटप्प्याने भारतातच बनवण्याचा कार्यक्रम हाती घेणार नाहीत त्यांनी काम आवरते घ्यावे असे धोरण ठरवले, आणि जनरल मोटर्सने शिवडीतले काम थांबवले. फियाट ज्या देशात घडली त्या इटलीत पेट्रोल महाग होते आणि मोटारीवरचा कर इंजिनाच्या आकारमानावर अवलंबून होता. त्यामुळे तिथल्या अभियंत्यांना लहान इंजिनातून जास्तीत जास्त काम काढण्यावाचून पर्याय नव्हता.

आता इंजिनाकडे वळू. पेट्रोल इंजिनाची शक्ती ढोबळमानाने दोन गोष्टींवर ठरते : ते मिनिटाला किती हवा आत ओढते आणि त्या हवेत जाळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेतला किती भाग चाकांपर्यंत पोहोचवते. हवेचा हिशोब कुणालाही कागदावर करता येतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा सगळे सिलिंडर भरतात. शेवर्लेची शक्ती मिनिटाला २६०० फेऱ्यांवर मोजलेली आहे, म्हणजे तिचे ३.१८ लिटरचे सिलिंडर मिनिटात १३०० वेळा भरणार आणि सुमारे ४१३० लिटर हवा आत जाणार. फियाटची शक्ती सुमारे ४८०० फेऱ्यांवरची आहे, म्हणून १.०८९ लिटर गुणिले २४०० म्हणजे सुमारे २६१० लिटर. आकार तिप्पट असूनही शेवर्लेच्या पोटात हवा जाते ती दीडपटीहून किंचित अधिक, कारण लहान इंजिन जवळजवळ दुप्पट वेगाने फिरत आहे. अडीचपटीच्या फरकाचा मोठा भाग इथेच उलगडतो.

मग शेवर्लेचे इंजिन वेगाने का फिरवले नाही? पिस्टन सिलिंडरच्या टोकाला जाऊन थांबतो आणि उलट दिशेने धावू लागतो, तेव्हा त्याला थोपवण्यासाठी लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे फेरे दुप्पट झाले की हा जोर चौपट होतो आणि तो सगळा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी जोडणारा भाग) व बेअरिंग यांना सोसावा लागतो. शेवर्लेचे पिस्टन ओतीव लोखंडाचे, म्हणून जड होते. बेअरिंगमध्ये बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू जागेवरच ओतलेला असे आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला तेल पंपाच्या दाबाने न मिळता रॉडचे टोक तेलात बुडून उडणाऱ्या शिंतोड्यांतून मिळे. अशा व्यवस्थेत मिनिटाला ४८०० फेरे मागणे म्हणजे बेअरिंग वितळवणेच झाले असते. शिवाय शेवर्लेचा पिस्टन ९५ मिलिमीटर वरखाली होतो तर फियाटचा ७५ मिलिमीटर, त्यामुळे इतके कमी फेरे असूनही शेवर्लेच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सव्वाआठ मीटर भरतो. फियाटमध्ये तो १२ मीटरपर्यंत जातो आणि ते शक्य होते ते हलक्या अॅल्युमिनियमच्या पिस्टनमुळे, बदलता येणाऱ्या पातळ बेअरिंगमुळे आणि दाबाने फिरणाऱ्या तेलामुळे. ही सगळी प्रगती धातूकामाची आहे, आणि बाहेरून बॉनेट उघडून पाहणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नाही.

आणखी एक फरक मात्र पेट्रोलच्या टाकीतून येतो. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पेटण्याआधी किती पट दाबले जाते या प्रमाणाला महत्त्व असते. शेवर्लेत हे प्रमाण ५ होते, फियाटमध्ये ७ च्या पुढे. उष्णतागतिकीच्या आदर्श गणिताप्रमाणे ५ पट दाबलेल्या मिश्रणातून ४७ टक्के उष्णतेचे काम होऊ शकते आणि ७ पट दाबल्यास ५४ टक्के. प्रत्यक्षातले आकडे याहून खूप खाली असतात, तरी त्यांच्यातला फरक साधारण याच प्रमाणात टिकतो, म्हणजे तितक्याच पेट्रोलमधून सुमारे १४ टक्के जास्त काम मिळते. १९२९ साली हे का केले नाही याचे उत्तर असे, की मिश्रण जास्त दाबले तर हलक्या प्रतीचे पेट्रोल ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता उरलेल्या कोपऱ्यात एकदम भडकते आणि इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज येऊ लागतो. त्यालाच नॉकिंग म्हणतात, आणि ते फार काळ चालू राहिले तर पिस्टनला भोक पडू शकते. जनरल मोटर्समध्येच काम करणाऱ्या टॉमस मिजली यांनी १९२१ साली पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळून हा दोष आवरता येतो हे शोधून काढले होते, पण स्वस्त शेवर्लेचा मालक मिळेल तिथे मिळेल ते पेट्रोल भरणार हे कंपनीला ठाऊक होते, म्हणून दाब कमीच ठेवणे शहाणपणाचे होते. फियाटच्या काळापर्यंत बरे पेट्रोल सगळीकडे मिळू लागले होते. याच शिशाने पुढे शहरांच्या हवेत विष कालवले आणि भारतात २००० साली ते पेट्रोलमधून हद्दपार झाले, ही गोष्ट शक्तीच्या आकड्यांवर खूश होताना लक्षात असलेली बरी. दोन इंजिनांमधला जो थोडा फरक उरतो तो फियाटच्या सुटसुटीत श्वसनमार्गाचा आहे, आणि शक्ती मोजण्याची पद्धत लक्षात घेतली तर तो आकड्यांत दिसतो त्याहून थोडा जास्तच भरेल, कारण अमेरिकेत तेव्हा पंख्यासारखी ओझी काढून टाकून नुसते इंजिन मोजण्याची रीत होती.

इथवर वाचून फियाटचे पारडे जड वाटेल. पण शक्तीऐवजी टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा पिळाचा जोर पाहिला तर चित्र पालटते. वरच्याच आकड्यांवरून हिशोब केला तर कमाल शक्तीच्या वेळी शेवर्लेचा टॉर्क १२६ न्यूटन-मीटर येतो आणि फियाटचा ५९, म्हणजे निम्म्याहूनही कमी, आणि हा जोर शेवर्लेत अगदी संथ फिरणाऱ्या इंजिनातूनच मिळू लागतो. म्हणूनच तिला तीन गिअर पुरत. पेडर रोडचा चढ ती वरच्या गिअरमध्ये, सहा सिलिंडरच्या एकसंध घुमत्या आवाजात चढू शकते, तर फियाटच्या चालकाला त्याच चढावर खालचा गिअर टाकून इंजिन गरगरवावे लागते. फियाटला चार गिअर दिले ते चैन म्हणून नव्हे. लहान इंजिन ज्या फेऱ्यांवर काम करते त्या फेऱ्यांत ते टिकवून धरण्यासाठी चौथ्या गिअरची गरजच होती. गाडी पळवण्याचा विषय बाजूला ठेवून केवळ चालवण्याचे सुख विचारात घेतले, तर माझे मत शेवर्लेच्या इंजिनाला जाईल.

हे सुख गिअर बदलेपर्यंतच टिकते. १९२९ च्या शेवर्लेत सिंक्रोमेश नव्हते. वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन दातेरी भाग एकमेकांत अडकवायचे तर त्यांची गती आधी जुळवावी लागते, आणि हे काम तेव्हा चालकाच्या पायांवर आणि कानांवर सोपवलेले होते : क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, अंदाजाने अॅक्सिलरेटर देऊन इंजिनाची गती जुळवायची आणि पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर घालायचा. सिंक्रोमेशमध्ये पितळी शंकूसारखा एक भाग दात अडकण्यापूर्वीच घर्षणाने दोन्ही भागांची गती सारखी करून टाकतो. जनरल मोटर्सने ही सोय १९२८ साली आपल्या महागड्या कॅडिलॅकमध्ये दिली आणि शेवर्लेपर्यंत ती १९३२ साली पोहोचली, म्हणजे शिवडीच्या सुरुवातीच्या गाड्या थोडक्यात हुकल्या. फियाटमध्ये पहिला गिअर सोडून बाकीच्यांना सिंक्रोमेश होते. गाडी पूर्ण न थांबवता पहिला गिअर टाकणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या गाडीतून स्टेअरिंगखालच्या दांड्याच्या हालचालीबरोबर जो ‘कर्रर्र’ आवाज यायचा तो मुंबईत टॅक्सीने फिरलेल्या प्रत्येकाने ऐकलेला आहे आणि त्याचे कारण एवढेच.

ब्रेकच्या बाबतीत मात्र दोन्ही गाड्यांना एका तराजूत तोलता येत नाही. शेवर्लेला चारही चाकांना ब्रेक होते, पण पायाचा जोर चाकांपर्यंत सळया आणि सांधे यांच्यामार्फत जाई. एका बाजूचा सांधा झिजला किंवा गंजला की तिथला ब्रेक कमी लागतो, दुसरा जास्त लागतो आणि गाडी एका बाजूला ओढते, त्यामुळे सगळ्या सळयांची लांबी वारंवार जुळवत बसावे लागते. फियाटमध्ये पायाचा जोर द्रवातून जातो, आणि बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो हा पास्कलचा नियम असल्याने एकाच धुरीच्या दोन्ही चाकांना सारखा दाब मिळतो, मग नळी कितीही वळणांची असो. शेवर्लेने हायड्रॉलिक ब्रेक १९३६ साली स्वीकारले. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ताशी ६० किलोमीटरला ती ४० च्या सव्वादोनपट असते, आणि म्हणून वेग वाढवणाऱ्या प्रत्येक सुधारणेच्या आधी ब्रेक सुधारायला हवे होते. प्रत्यक्षात मोटारींच्या इतिहासात बहुतेकदा उलटे घडले. फियाटचे ब्रेकही चारही चाकांना ड्रमचेच होते, पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की ते काही वेळ लागतच नसत, आणि मिलन सबवे किंवा हिंदमाता ओलांडल्यावर चालक हलका ब्रेक दाबून ड्रम सुकवत पुढे जायचे. तरीही आजच्या मुंबईच्या रहदारीत जुनी शेवर्ले चालवायची वेळ आली तर इंजिनापेक्षा, गिअरपेक्षा भीती ब्रेकचीच वाटावी.

माझ्या मते या जोडीतला सगळ्यात मोठा फरक इंजिनात नाही आणि ब्रेकमध्येही नाही; तो बॉडीत आहे. शेवर्लेला पोलादी दांड्यांची चौकट, म्हणजे चेसिस, आहे. इंजिन, धुऱ्या, स्प्रिंगा सगळे तिच्यावर बसवलेले असते आणि वर लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेली बॉडी केवळ माणसांना बसायला आणि पाऊस अडवायला असते. फियाटला अशी वेगळी चौकट नाहीच. तळाचा पत्रा, दाराखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छप्पर एकमेकांना वेल्ड करून जो पोकळ आकार तयार होतो तोच गाडीचा कणा. फरसाणाचा पत्र्याचा डबा झाकण काढल्यावर हातांनी सहज पिळता येतो आणि झाकण घट्ट बसवले की तोच डबा हलत नाही, तसा हा प्रकार आहे : पत्रा पातळच, पण बंद आकारामुळे ताठ. याच रचनेमुळे फियाटचे वजन ९०० किलोंच्या आत राहिले, तर बंद बॉडीची शेवर्ले हजार किलोंच्या वर जाते. लहान इंजिन पुरेसे ठरले त्यात या हलकेपणाचा वाटा मोठा आहे, आणि अश्वशक्तीच्या पाट्या वाचणाऱ्याच्या नजरेतून नेमका तोच सुटतो.

मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात या दोन रचना वेगवेगळ्या रीतीने म्हाताऱ्या होतात. शेवर्लेच्या बॉडीतले लाकूड पाणी मुरून कुजते, दार लोंबकळू लागते, छताचे कापड फाटते, पण चेसिस जाड पोलादाची असल्यामुळे गाडी उभी राहते आणि धावतेही. चांगला सुतार सागवानाचा नवा सांगाडा बसवून देऊ शकतो, आणि बॉडी उतरवून चेसिसवर स्वतंत्रपणे काम करता येते. फियाटचे तसे नाही. तिच्या दाराखालची पट्टी, जिला गॅरेजवाले आजही रनिंग बोर्डच म्हणतात, आतून गंजू लागली तरी बाहेरचा रंग शाबूत दिसतो. त्यावर लांबी (पुटी) भरून आणि नवा रंग मारून विकलेली गाडी जॅकवर उचलली की दारे नीट बंद होईनाशी होतात, कारण ज्या पत्र्याने गाडी ताठ राहायची तोच उरलेला नसतो. म्हणून जुनी फियाट घेताना बॉनेट उघडण्याआधी पायपुसणी उचलून तळाचा पत्रा पाहावा, आणि दार उघडे ठेवून मागचे चाक जॅकवर घ्यावे. सुट्या भागांच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलटी आहे. फियाटचे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात शोधले तर अजून मिळतात, तर शेवर्लेचे परदेशातून मागवावे लागतात अथवा लेथवर करून घ्यावे लागतात.

स्प्रिंगा आणि विजेबद्दल थोडक्यात सांगायचे तर शेवर्लेला चारही कोपऱ्यांत पाट्यांच्या स्प्रिंगा आणि ६ व्होल्टची बॅटरी आहे, तर फियाटची पुढची दोन्ही चाके कॉइल स्प्रिंगांवर एकमेकांपासून स्वतंत्रपणे हलतात, मागे पाटेच आहेत आणि बॅटरी १२ व्होल्टची. पुढच्या चाकांच्या या स्वातंत्र्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसरे सरळ राहते आणि स्टेअरिंगला हिसका कमी बसतो.

एक अडचण मात्र उरते : फियाटचा काळ नेमका कोणता धरायचा? शेवर्लेचा आराखडा दरवर्षी बदलायचा हे जनरल मोटर्सचे धोरणच होते, त्यामुळे १९२९ ची गाडी म्हणजे १९२९ चीच. कुर्ल्यात १९५४ च्या सुमारास आलेली आणि मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिलेली गोलमटोल गाडी आणि १९६४ ची डिलाइट या दिसायला वेगळ्या असल्या तरी दोघींच्या पोटात तेच १०८९ सीसीचे इंजिन होते. इटलीत ११०० चे उत्पादन १९६९ साली थांबले आणि तिच्या जागी पुढची चाके ओढणारी १२८ आली. इथे मात्र परवाना पद्धतीमुळे स्पर्धा नव्हती, म्हणून फियाटशी करार संपल्यावर तीच गाडी आधी ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने जवळपास शतक संपेपर्यंत बनत राहिली. ताडदेव आरटीओत नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमधली होती, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ती २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. १९९५ साली घेतलेली पद्मिनी कागदोपत्री १९९५ ची असली तरी तुलनेसाठी तिला १९६० च्या आसपासचीच गाडी धरायला हवे. नाहीतर तिच्यावर अन्याय होतो आणि तिच्या समकालीन मारुतीला फुकटचे श्रेय मिळते.

कायदा मात्र आराखडा पाहत नाही, नोंदणीची तारीख पाहतो. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ब्रिटिश शौकिनांच्या जुन्या रिवाजानुसार १९३० पर्यंतच्याच गाड्या व्हिंटेज ठरतात आणि त्यात फियाट बसत नाही, पण आपल्या नियमाखाली शिवडीची १९२९ ची शेवर्ले आणि कुर्ल्याची १९६४ ची डिलाइट एकाच रांगेत उभ्या राहतात. अडचण येईल ती टॅक्सी म्हणून चाललेल्या फियाटची, कारण मुंबईच्या टॅक्सींमध्ये या शतकाच्या सुरुवातीपासून सीएनजीचे सिलिंडर बसले आणि त्याआधी कित्येकांत डिझेल इंजिने घातली गेली होती. अशी गाडी जपू पाहणाऱ्याने आधी मूळ पेट्रोल इंजिन आणि त्याचा कार्बोरेटर शोधावा, रंगाचा विचार नंतर करावा.